आवाजाची बैठक

मराठी भाषेत बसण्याला फार वाव आहे. माणसं बसतात हे तर झालंच. पण आपल्याकडे घडी बसते, जम बसतो, हात बसतो, विश्वास बसतो. ही झाली शुभ बसणी. अशुभांमध्ये फटका बसतो, भुर्दंड बसतो, दातखीळ बसते, ऐन हंगामात कांद्याचा बाजार बसतो आणि घसा बसतो. बाजार बसला की शेतकरी डोक्याला हात लावून बसतो, घसा बसला की मास्तर. फरक एवढाच, की बाजार का बसला याची चर्चा आळेफाट्यापासून दिल्लीपर्यंत चालते. घसा का बसला याचं कारण मात्र भेटणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. "थंड काहीतरी प्यायला असाल!" घसा बसला त्या वेळी घशाचा मालक कसा बसला होता, हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही.

वास्तविक आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात हा प्रश्न घरोघर विचारला जायला हवा. इथे आवाजावाचून माणसाचं पान हलत नाही. हळू बोलण्याचे प्रसंग वर्षातून दोनच: भावकीच्या जमिनीची मोजणी आणि ओट्यावर पाहुणे मुलगी पाहायला आलेले असणं. बाकी सगळा व्यवहार खुल्या गळ्याने. या बांधावरचा माणूस त्या बांधावरच्या माणसाशी बोलताना मधल्या तिघांनाही बातमी पोचते, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ओतूरला, मंचरला कांद्याचा लिलाव. नारायणगावला टोमॅटोचा बाजार. गावोगाव हरिनाम सप्ताह. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बैलगाड्यांचा घाट. तिथले निवेदक सकाळी जो माईक धरतात तो दिवेलागणीला सोडतात. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१मध्ये परत सुरू झाल्या. घशाला विश्रांती द्या, असं डॉक्टर सांगतात ते दोन-चार दिवसांपुरतं. आमच्या निवेदकांना कोर्टाने सात वर्षं विश्रांती दिली. पहिल्याच घाटाला त्यांनी ती सगळी वसूल केली.

आणि अशा या मुलखात, खोडदला, आकाशाचा आवाज ऐकणारी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा खोडदच्या आसपास दाटीने आणि बाकीच्या लांबवर पसरलेल्या. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या रेडिओलहरी त्या टिपतात. रेडिओचा गोंगाट इथे कमी, म्हणून ही जागा निवडली म्हणतात. आमची ग्रामसभा त्यांनी तेव्हा पाहिली नसावी. पण ग्रामसभेच्या लहरी निराळ्या असतात. त्या विज्ञानाला अडथळा आणत नाहीत, फक्त रस्त्याच्या कामाला आणतात.

आता मास्तरांकडे येतो. मी प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली वर्षं पश्चिमेला, डोंगरात गेली. भीमाशंकर-आहुपेकडचा पाऊस ज्याने पत्र्याखाली बसून ऐकलेला नाही, त्याला मी काय सांगणार! आषाढात पत्र्याच्या वर्गात शिकवणं म्हणजे ढोलकीच्या आत बसून हरिपाठ म्हणणं. गोंगाट वाढला की माणसाचा आवाज त्याच्याही नकळत चढतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ साली दाखवलं आणि त्या परिणामाला त्याचं नाव मिळालं. आमच्या डोंगरातले मास्तर हेच दरवर्षी जून ते सप्टेंबर दाखवत आले. त्यांचं नाव फक्त बदलीच्या यादीला मिळालं.

आवाज चढतो म्हणजे एकटा चढत नाही, सगळा मास्तर त्याच्याबरोबर चढतो. हनुवटी पुढे जाते, जणू वाक्य शेवटच्या बाकापर्यंत हातोहात नेऊन द्यायचं आहे. खांदे कानाला लागतात. मानेच्या शिरा फुगतात. टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. खेरीज आमच्या धंद्याची म्हणून काही खास आसनं आहेत. हात फळ्यावर, पोट फळ्याकडे आणि मान वळवून एक डोळा मागच्या बाकावर, हे पहिलं. जमिनीवर बसलेल्या पहिलीच्या पोरांशी कमरेतून वाकून बोलणं, हे दुसरं. आणि चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यावर पोक काढून, तपासता तपासता वर्गाला पाढे म्हणायला लावणं, हे तिसरं. योगासनं केल्यावर शेवटी शवासन असतं. आमच्या आसनांनंतर शिक्षकांची मीटिंग असते.

पन्नाशीच्या सुमारास माझ्या आवाजाने आठवड्याचं वेळापत्रक आखून घेतलं. सोमवारी ठणठणीत, बुधवारी जाडसर, गुरुवारी चिरका आणि शनिवारी गैरहजर. घरोघरीचे इलाज सुरू झाले. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, कंकोळ झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. मेव्हण्यांनी एक इलाज कानात सांगितला. तो त्यांनाच फार गुणकारी वाटत असल्याने त्यांच्याकडेच राहू दिला. सौ.ने मात्र पहिले आठ दिवस कुठलाच उपाय केला नाही. "होऊ दे की सावकाश बरं," म्हणाली. घरात बोलायला तिला इतका मोकळा वेळ लग्नानंतर प्रथमच मिळत होता.

घरात चेष्टा चालते, वर्गात चालत नाही. मी कुजबुजत शिकवू लागलो, तर दोन दिवसांत अख्खा वर्ग कुजबुजायला लागला. पोरं हजेरीला 'हजर' म्हणायची तीसुद्धा चोरून आल्यासारखी. पहिलीतल्या एकाने जवळ येऊन विचारलं, "गुरुजी, आमच्यावर रागावलाय का?" मी मानेने नाही म्हणालो, पण त्याचा विश्वास बसला नाही. एकदा मधल्या सुट्टीत एक पोरगं मैदानाच्या टोकाला, विहिरीच्या कठड्याकडे चाललं होतं. मी हाक मारली. हाक माझ्याच ओठांशी पडली. मग मी धावलो. त्या धावण्यात मला कळलं, की सुताराची करवत असते, शेतकऱ्याची जमीन असते, तसा मास्तरचा आवाज असतो, आणि तो गहाण टाकून भागत नाही.

पुण्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. स्वतःचा गळा आतून पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे मानुएल गार्सिया. तो डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. १८५४ साली दोन आरसे आणि सूर्यप्रकाश घेऊन त्याने स्वतःच्या स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. मास्तरजात चौकस खरी! माझ्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक फुगवटे होते. "कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे," डॉक्टर म्हणाले. "कापाकापी नको. आधी आवाजाच्या व्यायामाला जा."

आवाजाच्या बाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. मी आ वासून तयार झालो, तर त्या म्हणाल्या, "सर, तोंड मिटा. वर्गात बसता तसे खुर्चीत बसा आणि मला सातचा पाढा म्हणून दाखवा." मी पाढा म्हटला. त्या माझ्या घशाकडे बघतच नव्हत्या. माझ्या टाचांकडे बघत होत्या. पाढा संपल्यावर म्हणाल्या, "सात सक बेचाळीसला तुमचे खांदे वर गेले, ते सत्तरपर्यंत खाली आले नाहीत." माझे पाढे आजवर तपासले गेले होते, पण खांद्यांसकट कधीच नाही.

मग त्यांनी समजावलं ते असं. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. नुसतं दोऱ्यांवर लोंबकळतं, पाळण्यासारखं, आणि त्याच्याखाली स्वरयंत्र टांगलेलं. दोऱ्या म्हणजे स्नायू. त्या बांधल्यात कुठे? वर जबड्याला, जिभेला, कवटीच्या बुडाला. खाली छातीच्या हाडाला आणि एक तर थेट पाठीमागे खांद्याच्या फऱ्याला. मान पुढे काढली, हनुवटी उचलली, खांदे आवळले, की एकेक नातेवाईक आपापली दोरी ओढू लागतो. बारशाला पाळण्याची दोरी इतक्या जणांनी ओढली तर बाळ गाणार नाही, किंचाळणार!

त्यात डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. म्हणजे टोमॅटोची पाव क्रेट प्रत्येकाच्या मानेवर असतेच. ती मानेच्या वर ठेवली तर कणा तोलतो. पुढे लोंबवली तर मानेच्या स्नायूंना तोलावी लागते, आणि दिवसभर ओझी वाहणाऱ्यांकडून गाण्याची अपेक्षा करता येत नाही. पोक काढलं की बरगड्या आणि पोट यांच्यामधली जागा घटते, भाता अर्धाच उघडतो. वाऱ्याचं बळ कमी पडलं की माणूस गळा आवळून आवाज काढतो. पट्ट्या जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच्या. पुरुषाच्या आवाजात त्या सेकंदाला शंभरावर वेळा एकमेकींवर आपटतात, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास, मुलांच्या त्याहून जास्त. तासभर नुसता स्वर लावला तर साडेतीन लाखांवर टाळ्या झाल्या. साऱ्या नोकरीत मला मिळाल्या नाहीत इतक्या टाळ्या माझ्याच गळ्यात वाजत होत्या, आणि त्याही हात दुखेपर्यंत.

मला गृहपाठ मिळाला. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, खांदे सैल, गुडघे सैल, हनुवटी किंचित आत. मग ओठ मिटून भ्रमरासारखं गुणगुणायचं. पेल्यात पाणी घेऊन त्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे काढायचे. मानेच्या दोन्ही बाजूंना हलक्या हाताने चोळायचं. पाणी घोट-घोट प्यायचं. कुजबुज बंद, कारण कुजबुजण्याने गळ्याला विश्रांती मिळत नाही, उलट ताण पडू शकतो. नळीच्या व्यायामाने घरात माझी पत साफ गेली. नातू शेजारी सांगून आला, "आजोबा पाण्याशी बोलतात." शेजारच्या काकू सौ.ला म्हणाल्या, "कधीपासून होतंय हे?"

इथे गांभीर्याचे चार शब्द सांगतो, कारण लेख वाचून कुणी नुसता भिंतीला टेकून बसायला नको. सगळे आवाज मानेमुळे बसत नाहीत. सर्दी असते, पित्त असतं, थायरॉइड असतो. आणि तंबाखू-विडीवाल्यांच्या बसलेल्या आवाजामागे कधी कधी कर्करोगही असतो. तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर ज्येष्ठमध बाजूला ठेवून आधी घसा तपासून घ्यावा. बसण्या-उभं राहण्याची शिस्त हा उपचाराचा एक भाग आहे. श्वास, पाणी, विश्रांती आणि कमी ओरडणं ही त्याची बाकीची भावकी.

या भावकीचा एक मूळ पुरुष मात्र मजेदार. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, गाव टास्मानियात. धंदा रंगमंचावर उताऱ्यांचं पठण करणं. पठण सुरू झालं की याचा आवाज बसायचा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीत आवाज उत्तम. रंगमंचावर चढला की मधेच पुन्हा बसला. बुवाने विचार केला, की मी बोलताना स्वतःला काहीतरी करतो आहे खास. आरशासमोर उभा राहून पठण करू लागला. एका आरशाने भागेना तेव्हा आणखी लावले. दिसलं ते असं: तोंड उघडताना तो डोकं मागे खेचत होता, स्वरयंत्र दाबत होता आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत श्वास ओढत होता. ती खोड मोडायला त्याला काही वर्षं लागली. पुढे १९०४ साली तो लंडनला गेला आणि हीच विद्या शिकवू लागला. बर्नार्ड शॉसारखा माणूस त्याच्याकडे मान सरळ करून घ्यायला जाई. त्याच्या पद्धतीने सगळंच बरं होतं असं कुणी म्हणू नये. पण आवाजाचं कारण शोधताना गार्सियाने गळ्याच्या आत पाहिलं आणि याने गळ्याच्या बाहेर, आणि दोघांनाही आरसा पुरला.

हे सगळं ज्ञान घेऊन मी पाडव्याच्या सुमारास नारायणगावात उभा होतो. त्या दिवसांत तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा-कमिटी सुपाऱ्या द्यायला येते. नारायणगाव हे तमाशाचं पंढरपूर. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई (१९३५–२००२) पुढे आल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पायांत किलो-किलोचे चाळ, वर नाच, आणि त्याच श्वासात लावणी मागच्या माणसापर्यंत पोचवायची! आमचं वक्रशिक्षकासन तिथे पहिल्या कडव्यालाच कोसळलं असतं.

एका राहुटीच्या सावलीला एक जुने सुरत्ये बसले होते. आयुष्य गाणाऱ्याच्या मागे उभं राहून 'जीऽऽ जी'चा झील ओढण्यात गेलेलं. कानाला हात का लावता, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "ढोलकीच्या कल्लोळात आपला आपल्याला सूर ऐकू याया पायजे ना, गुर्जी. स्वतःचं ऐकू आलं म्हंजे माणूस वरडत नाही." लोंबारसाहेबांचा सगळा प्रबंध या दोन वाक्यांत आला. मी त्यांना माझ्या गळ्याची हकिगत सांगितली. दोऱ्या, पाळणा, सगळं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आवाज गळ्यात कुठं असतोय? टाचंत असतोय. टाच उचलली का गळा आवळतो." पुण्याच्या बाई माझ्या टाचांकडे का बघत होत्या, ते मला राहुटीच्या सावलीत उमगलं. सुरत्यांनी फी घेतली नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

आमच्याकडे या विद्येचं तिसरं पीठ वनखात्याचं. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे वस्तीला आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रही आहे. अंधारात एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून चला, शेतात ओणव्याने काम करताना सावध असा, असं खात्याचं सांगणं असतं. कारण वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटतो. म्हणजे ताठ उभे राहा आणि आवाज मोकळा ठेवा. हाच उपदेश बाईंनी पैसे घेऊन केला, सुरत्यांनी चहावर केला आणि वनखातं फुकट करतं. यात चेष्टा फक्त माझ्या गळ्याची. निंदणी-खुरपणीला दिवसभर ओणव्या असणाऱ्या बायांना या मुलखात जिवाची किंमत मोजावी लागलेली आहे. त्यांना ताठ उभं राहून काम कसं करायचं, हे अजून कुठल्याच खात्याला सांगता आलेलं नाही.

आवाज चार-पाच महिन्यांनी रुळावर आला. त्यानंतर मला वर्गात एक नवीनच गोष्ट ऐकू यायला लागली, किंवा खरं म्हणजे दिसायला लागली. वाचायला उभं केलं की मुलगे हनुवटी वर करून ओरडत, आणि मुली मान छातीत घालून पुटपुटत. त्यांत चौथीतली एक होती, डोंगरातून बहिणीच्या सासरी शिकायला राहिलेली. कविता तोंडपाठ, पण आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे. मी तिला भिंतीशी उभी केली. टाचा टेकव, खांदे सोड, आणि खिडकीतून शिवनेरी दिसतो त्याला कविता ऐकव, म्हटलं. पहिले दोन आठवडे किल्ल्याला काही ऐकू गेलं नसावं. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची पोरं दचकून बघायला लागली.

पंधरा दिवसांनी तिची आजी शाळेत आली. काटक म्हातारी, लुगड्याचा काष्टा, आणि कणा असा सरळ की भिंतीने तिला टेकून उभं राहावं. मैदानाच्या फाटकातूनच तिने विचारलं, "मास्तर, पोरीला काय शिकिवता हो? घरात मान वर करून बोलाया लागलीय!" सात वर्गांतले पाढे थांबले. माईक नव्हता, टाच उचलली नव्हती, हनुवटी पुढे आली नव्हती. असा आवाज मी पुण्यातसुद्धा ऐकला नव्हता. तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, तुमची मान इतकी सरळ कशी हो?"

"ती का? जलमभर हंडं वाह्यलं की डोईवर. मान हालली का पानी सांडतंय."

आमच्याकडे बाईच्या मानेचा हिशेब हा असा. डोक्यावर हंडा असेपर्यंत ती ताठ चालते, किंबहुना ताठच लागते. हंडा उतरला आणि तोंडात शब्द आला, की ती खाली घालायची. आवाजाच्या बाईंना एका मास्तरचे खांदे खाली आणायला पाच महिने लागले. ही मान वर यायला किती लागतील, ते सातच्या पाढ्यात बसत नव्हतं.

"आजी," मी म्हटलं, "पोरीच्या घशाचा इलाज चाललाय. मान खाली घातली का आवाज बसतो, असं डॉक्टर म्हणतात."

म्हातारीने जरा विचार केला. डॉक्टर म्हटल्यावर तिला काही बोलता येईना. मग उठली, पदर सावरला आणि वर्गाच्या दारात जाऊन नातीला दणदणीत आवाजात म्हणाली, "डाक्टरांनी सांगितलं आसंल तर बोल बाई मान वर करून. पर घरी आल्याव बापाला सांग, का ह्ये औषीद हाय."